हात वर न करणाऱ्याची स्तुती देवापर्यंत पोहोचत नाही काय?

मागच्या बाकावरचा

गेल्या आठवड्यात एका तरुण बंधूंनी येथे असे लिहिले की, ज्या मंडळीत उपासनेच्या वेळी हात वर होत नाहीत, टाळ्या वाजत नाहीत आणि हालेलुयाचा गजर होत नाही, त्या मंडळीत देवाची स्तुती होत नसून केवळ हजेरी लागते. जुन्या चालींची गीते पुस्तकात पाहून गाणारे आम्ही लोक तर 'बसल्या जागी झोपलेले' आहोत. एरवी असले काही वाचून मी पुढे जातो. या वेळी उत्तर द्यावेसे वाटले, कारण त्या झोपलेल्यांत माझी गणना होते आणि मी जागा आहे.

माझी पत्नी वारल्यानंतर सातव्या महिन्यात एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर मी त्यांच्या मंडळीत गेलो. पाऊण तास गाणी चालली. मग माइक हाती घेतलेल्या मुलाने सांगितले की, ज्यांना प्रभूचा आनंद लाभला आहे त्यांनी हात वर करावेत. मी केले नाहीत. तो व्यासपीठावरून उतरला, आमच्या रांगेत शिरला आणि मोठ्या प्रेमाने माझे कोपर धरून त्याने माझा हात वर उचलला. त्या हातात पत्नीचे 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक होते, ते खाली पडले. समासात पेन्सिलने प्रत्येक गीताची पेटीवरची पट्टी लिहून ठेवण्याची तिला सवय होती. कोठे 'काळी दोन', कोठे 'पांढरी चार, सावकाश'. सुटी झालेली पाने मी बाकाखाली वाकून गोळा करत होतो आणि वर हालेलुया चालू होते.

आता मुद्द्याचे बोलतो. बायबलातल्या स्तोत्रसंहितेचे हिब्रू नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तुतिगीते. तरीही त्या दीडशे गीतांत विलापाची गीते इतर कोणत्याही प्रकारापेक्षा अधिक आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी 'तरीही मी तुझे स्तवन करीन' असे म्हणण्याची तसदीही कवीने घेतलेली नाही. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांनी त्याला स्तुती हे नाव काय चुकून दिले? देवाचा धावा करणे, त्याच्यापाशी गाऱ्हाणे मांडणे आणि उत्तर आले नाही तरी पुन्हा त्याच्याच दाराशी जाऊन बसणे हीसुद्धा त्याची थोरवी मान्य करण्याचीच रीत आहे, कारण जो ऐकणार नाही अशी खात्री असते त्याच्यापाशी कोणी रडत बसत नाही. आणि गजराचेच म्हणाल, तर आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव स्वतःच म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा.

कीबोर्डवाला

ते लिहिणारा बंधू मीच. आपले कोपर धरणारा मात्र मी नव्हे, आणि जे झाले ते वाईट झाले यात मला शंका नाही. परंतु एका आगाऊ मुलाच्या वागण्यावरून आपण साऱ्या पिढीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. आमोसाचे पुढचेच वचन आपण वाचले असते, तर देवाचा राग आवाजावर नसून अन्यायावर आहे हे लक्षात आले असते; गरिबांना तुडवणाऱ्या त्या लोकांनी 'पांढरी चार, सावकाश' गायले असते, तरी त्याला ते तितकेच नकोसे झाले असते.

मी ज्या मंडळीत वाढलो तेथील संगमरवरी पाटीवर माझ्या आजोबांचे नाव आहे. तेथली गीते मला तोंडपाठ होती, मात्र चौदाव्या वर्षापर्यंत 'पदरजी', म्हणजे पायधुळीत, हे कोणाचे तरी आडनाव आहे असे मी समजत होतो. माझे वडील दारू पीत. मंडळीत सर्वांना ते ठाऊक होते आणि कोणीही त्यावर कधी बोलले नाही. फक्त आमच्या बाकावर आमच्याशेजारी बसणे लोकांनी हळूहळू सोडले. पुढे पिठाच्या गिरणीच्या वर भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या एका सभेत ते गेले. जिन्यावर पाय ठेवताच पीठ नाकात जाई. तेथे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा देवाला मोठ्याने हाक मारली आणि त्यांचे हात वर गेले, ते कोणी उचलले नव्हते. त्याला अकरा वर्षे झाली. त्यांनी परत थेंबालाही स्पर्श केलेला नाही. आपण याला गोंगाट म्हणा.

आणि हे सारे परदेशी व्हिडिओ पाहून आले असे जे सांगतात, त्यांनी केडगावचे मुक्ती मिशन आठवावे. १९०५ साली तेथील मुली एकाच वेळी, मोठ्याने, रडत प्रार्थना करू लागल्या, आणि तो आश्रम चालवणारी स्त्री, रमाबाई, संस्कृतची पंडिता होती. देवाच्या कराराच्या कोशापुढे, म्हणजे पवित्र पेटीपुढे, नाचणाऱ्या दावीद राजाला खिडकीतून पाहून मनात तुच्छ मानणारी त्याची राणी मीखल आपल्या मंडळ्यांत आजही पहिल्या बाकावर बसते. हात वर करण्याबद्दल बायबलात १ तीमथ्य २:८ पाहावे.

वसईची थोरली

पाहिले. 'राग व विवाद सोडून' पवित्र हात वर करावेत असे तेथे आहे. पहिला अर्धा भाग तुम्ही सोयीने गाळलात.

आम्ही कॅथलिक, तेव्हा तुमच्या घरच्या भांडणात पडावे की नाही असा विचार करत होते. पण हालेलुयाचा विषय निघाला म्हणून लिहिते. त्या शब्दाचा अर्थ 'परमेश्वराची स्तुती करा' असा आहे. तो देवाला उद्देशून नाही, शेजाऱ्याला उद्देशून आहे, आणि मुळात ते बहुवचन आहे. नव्या करारात हा शब्द केवळ प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात, चार वेळा येतो. दर दोन वाक्यांनंतर तो स्वल्पविरामासारखा वापरणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवे.

आमच्याकडे उपवासकाळात, राखेच्या बुधवारपासून इस्टरच्या जागरणापर्यंत, मिस्सामध्ये म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेत हा शब्द उच्चारतच नाहीत. लहानपणी मला ते फारसे कळत नसे. पण जागरणाच्या रात्री अंधाऱ्या देवळात मेणबत्त्यांवरून मेणबत्त्या पेटत जात, घंटा वाजत आणि मग इतक्या आठवड्यांचा अडवून धरलेला तो शब्द धर्मगुरूंच्या तोंडून निघे, तेव्हा माझ्या आजीचा हात माझ्या हातात घट्ट होई. जो शब्द कधी गप्प राहिलेला नाही त्याला उठता कसे येणार? बाकी पडद्यावर 'आराधना' ऐवजी 'अराधना' लिहिणाऱ्यांविषयी मी आज काही बोलणार नाही, जरी दर रविवारी फोनवर पाठवलेल्या व्हिडिओत ते पाहून माझा रक्तदाब वाढतो.

आदरार्थी बहुवचन

स्तुती मोठ्याने करावी की हळू, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. ज्याची स्तुती करायची त्याला आपण काय म्हणून संबोधतो, याचा विचार आधी व्हावा. मी ३१ वर्षे शाळेत मराठी शिकवले. शिपायाला 'तू' म्हणणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर उभे केलेले आहे. आणि रविवारी तीच मंडळी आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्याला 'तू ये, तू दे, तू कर' असे घरगड्यासारखे फर्मावतात. भय व आदर हा भक्तीचा पाया असेल, तर प्रार्थनेत 'आपण' हेच सर्वनाम योग्य होय. मी स्वतः गेली कित्येक वर्षे 'आपले नाव पवित्र मानिले जावो' असेच म्हणतो, थोड्या हळू आवाजात.

नगरची नात

सर, क्षमा करा, पण 'आपले नाव' म्हटल्यावर ते देवाचे की आपलेच, हे कोणी ओळखायचे?

मराठीत 'तू' हा अनादर असता, तर एकाही संताला मोक्ष मिळाला नसता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांच्या गीतांत ख्रिस्त माउली आहे, आणि माउलीला 'अहो माउली, आपण' म्हणणारा मराठी माणूस मला दाखवावा. त्याहून जुने हवे असेल तर फादर स्टीफन्स यांचे, १६१६ साली प्रथम छापले गेलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण घ्या. आरंभीच 'देवा बापा' अशी हाक आहे आणि लगेच पुढे 'तूं'. हा माणूस जन्माने इंग्रज, पण देवाशी मराठीत कसे बोलावे हे त्याला चारशे वर्षांपूर्वी कळले होते.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दुष्काळी कामावर खडी फोडत असे. पाहणीला आलेल्या साहेबाला ती 'अहो साहेब' म्हणायची आणि दुपारी भाकरी सोडताना देवाला 'अरे बाबा, तू बघतोयस ना' असे विचारायची. साहेबाला तिचे नाव ठाऊक नव्हते.

आदरार्थी बहुवचन

बाई, भावनेने व्याकरण सुटत नाही. आईला आपण 'तू' म्हणतो हे मान्य, परंतु वडिलांना? मराठी घरांत आई 'अगं' असते आणि वडील 'अहो' असतात. येशूने आम्हांला माउली म्हणून नव्हे, तर पिता म्हणून प्रार्थना करण्यास शिकवले. तेव्हा आपला सारा युक्तिवाद आईच्या बाजूने जातो आणि वडिलांपाशी येऊन अडखळतो.

नगरची नात

'देवा बापा' हे वडील नाहीत, तर मग कोण आहेत? आपण मजकूर न वाचता विद्यार्थ्यांना नापास करत होता काय?

आदरार्थी बहुवचन

वैयक्तिक होण्याचे कारण नाही. ओवीला मात्रांसाठी सवलत असते.

आडगावचा पाळक

ओवीत मात्रा मोजत नाहीत सर, हे मी आपल्यासारख्याच एका मास्तरांकडून शिकलो.

दोघांसाठीही थोडे थंड पाणी. प्रभूची प्रार्थना ज्या ग्रीक भाषेत लिहिली गेली, तिच्यात आदरार्थी बहुवचनाची अशी सोयच नव्हती. एका माणसाशी बोलायचे तर एकवचन, मग तो कैसर असो की गुलाम. त्यामुळे 'तू' वापरून येशूने जवळीक शिकवली, हा निष्कर्ष त्या सर्वनामावरून काढता येत नाही. दुसऱ्या बाजूला, येशूने पित्याला मारलेली अरामी हाक 'अब्बा' म्हणजे लहान मुलाचे 'पप्पा' असे जे सर्रास उपदेशांतून सांगितले जाते, तेही टिकत नाही. जेम्स बार या अभ्यासकाने १९८८ साली ते चांगलेच खोडून काढले, कारण मोठी माणसेही तोच शब्द वापरत. मी स्वतः ते 'पप्पा' निदान वीस वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो, याची येथे कबुली देतो. तात्पर्य, मराठीत 'तू' म्हणायचे की नाही हे मराठीनेच ठरवायचे आहे, आणि तिने ते कधीच ठरवून टाकले आहे.

राहिला गाण्यांचा प्रश्न. मोठ्याने असोत की हळू, माझ्या मंडळीत पहिली चार गीते ही उशिरा येणाऱ्यांची सोय समजली जाते. आरंभीच्या स्तवनाला मी, माझी पत्नी आणि पेटीवाले असे तिघेच असतो. त्यावर कोणाकडे काही उपाय असेल तर तो अवश्य लिहावा.

मागच्या बाकावरचा

मी पत्नीच्या पुस्तकाबद्दल लिहिले आणि आपण सर्व जण सर्वनामावर दिवसभर भांडलात. तरीही विचारले गेलेच आहे म्हणून सांगतो. ती गेल्यानंतरचे दोन महिने मी देवाला 'तू' म्हणू शकलो नाही. 'आपण' असेच म्हणत होतो, आणि त्यात आदराचा लवलेशही नव्हता. घरातल्या माणसाशी अबोला धरल्यावर आपण जसे एकदम 'आपण जेवून घ्यावे' असे म्हणू लागतो, तसे ते होते. 'तू' परत तोंडात आला तो एका रात्री, आणि तो स्तुतीत आला नाही. 'तू हे का केलेस' असा आला. म्हणून मास्तरांशी माझे जमणार नाही.

कीबोर्डवाल्या बंधूंच्या वडिलांविषयीचे मी दोनदा वाचले. आमच्यासारख्या मंडळीत त्यांच्या शेजारचा बाक रिकामा राहिला, हे मला नाकारता येत नाही. असा एक बाक मलाही आठवतो आणि मीही तेथे जाऊन बसलो नव्हतो. पण म्हणून आमच्या गीतांना झोप म्हणू नका. दोष गीतांचा नव्हता.

कीबोर्डवाला

'झोपलेले' हा शब्द मागे घेतो. 'हजेरी' हा शब्द मात्र राहू द्यावा, कारण रिकाम्या बाकाचे आपणच सांगितले आहे.

आपल्या रात्रीबद्दल एवढेच म्हणतो की, माझ्या वडिलांची त्या खोलीतली पहिली हाकसुद्धा आनंदाची नव्हती. शब्द जवळजवळ आपलेच होते. त्याला आम्ही नंतर 'स्तुतीची साक्ष' असे नाव दिले, आणि आता वाटते की ते थोडे घाईने दिले.

आदरार्थी बहुवचन

बहुमत माझ्याविरुद्ध दिसते. प्रभूच्या प्रार्थनेत दुरुस्ती करण्याची मोहीम मी तूर्त स्थगित करतो. मात्र येथील सर्व 'तू'वाद्यांनी एक आठवडाभर आपापल्या वडिलांना 'अरे' म्हणून हाक मारावी आणि घरात जेवण मिळाल्यास कळवावे.

कीबोर्डवाला

मागच्या बाकावरचे काका, एक विचारायचे राहिले. 'काळी दोन' लिहिलेले ते गीत कोणते होते? आमच्या गटात नवीन मुले आहेत, त्यांना एखादे जुने गीत पूर्ण, सर्व कडव्यांसह बसवून घ्यावे असा विचार आहे.

मागच्या बाकावरचा

पान शोधून पाठवतो. चौथे कडवे गाळायचे नाही, कीबोर्डचा तो आपोआप वाजणारा ठेका बंद ठेवायचा, आणि रांगेत उतरून कोणाचे कोपर धरायचे नाही. पट्टी तीच ठेवा. पांढरी एकवर ते गीत तिलाही कधी लागले नाही.