मदत हवी आहे: बोटॉक्स करू की नको? शूट तोंडावर आलंय

साजिरी
कृपया लवकर सांगा. लुक टेस्टनंतर चॅनेलकडून निरोप आलाय, "चेहरा फ्रेश हवा, थोडं काम करून घ्या." क्लिनिकने उद्याचीच वेळ दिली आहे. सुईची भीती नाही. पण कॅमेऱ्यासमोर मी चिडले आणि राग चेहऱ्यावर आलाच नाही तर? पुन्हा पहिल्यासारखं होतं ना? अभिनय करणाऱ्या कोणी केलंय का? "आहेस तशीच छान आहेस" नको, अनुभव सांगा.

निनाद_क
कुठे करायचंय? कपाळ की डोळ्यांच्या कडा? वय? शूट नक्की कधी? कसलाच पत्ता नाही, काय सांगणार?

आजीचा_बटवा
ताई, विष कशाला टोचून घेता! रात्री साय-हळद लावा, वर बदामाचं तेल. माझ्या जावेला खूप फरक पडला.

त्वचावैद्य
सायीने त्वचा मऊ होईल. भुवयांमधल्या आठ्या मात्र खालचे स्नायू आक्रसल्याने पडतात. नसेकडून स्नायूला जाणारा संदेश बोटॉक्समधलं बोट्युलिनम टॉक्सिन अडवतं, म्हणून स्नायू ढिला पडतो. परिणाम ३ ते ५ दिवसांत दिसू लागतो, पूर्ण व्हायला साधारण दोन आठवडे, टिकतो ३ ते ४ महिने. मग हालचाल परत येते. निनाद यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या.

जुना_रंगकर्मी
मुळीच करू नका. नटाचा चेहरा हेच त्याचं हत्यार. हॉलिवूडच्या निकोल किडमनने २०१३ मध्ये सांगितलं होतं की बोटॉक्स करून पाहिलं, सोडलं आणि आता चेहरा हलवता येतो. केट विन्स्लेट, एमा थॉम्पसन, रेचल वाइझ या तिघींनी २०११ मध्ये असल्या उपचारांविरुद्ध उघड भूमिका घेतली होती.

मैत्रेयी_पुणे
काका, त्या तिघींकडे ऑस्कर आहे. त्या नाही म्हणाल्या तरी काम मिळतं. इथे पर डेवर, म्हणजे रोजंदारीवर काम असतं, नकार दिला की दुसरी उभी असते. पन्नाशीच्या हिरोला कुणी आठ्या काढून ये म्हणतं का? राग त्या चॅनेलवर काढा, हिला उपदेश नको.

जुना_रंगकर्मी
उपदेश नाही हो, कळकळ आहे. क्लोजअपमध्ये संवाद नसतो तेव्हा भुवईच बोलते. ती गेली तर उरतं काय?

सुमेधा७१
माझे मिस्टर झोपेत दात खातात. दातांच्या डॉक्टरांनी जबड्यात बोटॉक्स सुचवलंय. कुणी केलंय का? किती खर्च येतो?

निनाद_क
सुमेधाताई, वेगळा धागा काढा ना. साजिरी, आहात का?

साजिरी
आहे. वय ४३. कपाळ आणि भुवयांच्या मध्ये. शूट सोमवारपासून. भूमिका खाष्ट मोठ्या जावेची, म्हणजे रोजच डोळे वटारायचे! थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी काही नाही.

त्वचावैद्य
हे आधी सांगायला हवं होतं. उद्या टोचलंत तर सोमवारी आठ्या बऱ्याचशा असतील, पुढे शूट चालू असताना कमी होत जातील. एकाच प्रसंगाचे शॉट वेगवेगळ्या दिवशी घेतले तर चेहरा सारखा दिसणार नाही, कंटिन्युइटी बिघडेल. शिवाय भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. तिथे डोस जास्त झाला तर भुवई जड होऊन खाली येते, ती कमी व्हायला काही आठवडे लागतात. पुढे कधी करायचंच ठरलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा, ब्रँड आणि युनिट लिहून घ्या, कारण एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटएवढं नसतं. "मी अभिनेत्री आहे, हालचाल राहू दे" हे स्पष्ट सांगा. थायरॉइडच्या गोळीने सहसा अडत नाही, तरी डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात आणि स्नायूंच्या काही आजारांत टाळतात.

मैत्रेयी_पुणे
आधी माझा करून घ्यायचा कल होता. पण शूट सोमवारी असेल तर आत्ता नकोच.

साजिरी
पटलं. उद्याची वेळ रद्द करते. पण चॅनेलला काय सांगू?

लाइटवाला
"शूट सुरू असताना चेहरा बदलत जाईल, कंटिन्युइटी जाईल" एवढंच सांगा, ते त्यांना लगेच कळतं. आणि सोमवारी सेटवर आधी कॅमेरामनला गाठा. डोक्यावरून येणारा कडक लाइट आठ्यांची सावली पाडतो. समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून सॉफ्ट लाइट मिळाला तर त्या बऱ्याच पुसट होतात, आणि भुवई हवी तशी हलते. मेकअपवाल्या दादांना सांगा, कपाळावर पावडरचे थर नकोत, रेघांमध्ये साचून त्या जास्त दिसतात.