उसण, पायाळूचा पाय आणि स्नायूंचं तंत्र

भाऊ, ऑस्टिओपॅथीतल्या (हाताने हाडं-स्नायूंवर उपचार करण्याच्या पद्धतीतल्या) स्नायू-तंत्राने, म्हणजे 'मसल एनर्जी टेक्निक'ने, तुमची कंबर तीन बैठकांत मोकळी झाली, हे वाचून बरं वाटलं. पण त्याने 'दुखणं मुळासकट जातं' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

आमच्या रावेरकडे केळीची कापणी लागली की घड वाहणाऱ्यांची कंबर धरतेच. पूर्वी उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी आलेला) माणूस शोधून त्याचा पाय कमरेला लावून घ्यायचे. माझ्या थोरल्या भावाला फिजिओथेरपिस्टने हेच तुमचं तंत्र दिलं. त्यात कडाकडा मोडणं नसतं. दुखणाऱ्याने स्वतःच स्नायू हलक्या जोराने आवळायचा, समोरच्याने तो हाताने अडवून धरायचा, पाच-सात सेकंद. मग सैल सोडायचं आणि थोडं पुढे ताणायचं. असं तीन-चार वेळा. त्याच दिवशी भाऊ वाकू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आठवड्याने घड उचलला आणि दुखणं परत आलं.

अमेरिकेतल्या फ्रेड मिचेल यांनी ही पद्धत रुजवली. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेते; तिच्या २०१५च्या आढाव्यात कंबरदुखीवर या तंत्राच्या १२ चाचण्या, मिळून ५०० रुग्ण होते. पुरावा कमकुवत, आणि ठोस फायदा दिसला नाही. उसण पुष्कळदा आपोआपही उतरते, म्हणून एकट्याच्या अनुभवावरून सांगणं अवघड. जखडलेपण सुटतं तेवढ्या काळात चालणं आणि व्यायाम सुरू करावा, एवढाच मला त्याचा उपयोग वाटतो.

पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मात्र हात लावू न देता थेट दवाखाना गाठावा.

तुम्हाला बैठकांसोबत घरी करायचे व्यायाम दिले होते का? कोणते?