अक्राला सहकुटुंब जावे का? – सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सौ. कुलकर्णी (बी-४०२): सर्वांना नमस्कार. माझ्या लेकीला तिच्या कंपनीने घानाची राजधानी अक्रा येथे तीन वर्षांसाठी पाठवायचे ठरवले आहे. कार्यालय टेमा बंदराजवळ आहे. जावई घरून काम करू शकतात, त्यामुळे प्रश्न उरतो तो सहा वर्षांच्या नातवाचा. त्याला बरोबर न्यावे की माझ्याजवळ ठेवावे, यावर घरात दोन मते आहेत. पाटील भाऊजी तिकडे बरीच वर्षे नोकरीला होते, म्हणून इथेच विचारते.

देशमुख (ए-१०१): वहिनी, माझे स्पष्ट मत आहे की मुलाला वर्षभर तरी इथेच ठेवावे. इबोलाच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. आई-वडिलांनी आधी जाऊन बस्तान बसवावे, मग मुलाला न्यावे.

पाटील (सी-३०१): देशमुखसाहेब, काळजी समजते, पण २०१४ ते २०१६ मधली ती साथ प्रामुख्याने गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत होती. त्या साथीत घानामध्ये एकही रुग्ण आढळला नाही. उलट साथीशी लढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाचे मुख्यालयच अक्रामध्ये होते. पश्चिम आफ्रिका म्हणजे एकच गाव, असे धरून निर्णय घेऊ नये.

वहिनी, माझे मत असे की मुलाला बरोबरच न्यावे, मात्र निघण्यापूर्वी घराचा प्रश्न कंपनीकडून लेखी सोडवून घ्यावा. तिथे कुटुंब रमते की कंटाळून परतते, हे बहुतांशी घरावर ठरते. घानाच्या १९६३ च्या भाडे कायद्यानुसार घरमालकाला सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडे मागता येत नाही. प्रत्यक्षात मात्र एक किंवा दोन वर्षांचे भाडे एकरकमी मागितले जाते, आणि परदेशी लोक राहतात त्या भागांत तर ते डॉलरमध्ये सांगितले जाते. एवढी रक्कम लेकीने स्वतःच्या बचतीतून भरू नये, करार कंपनीच्या नावाने व्हावा. पगाराचेही तसेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे महागाईचा दर ५० टक्क्यांच्या वर गेला होता आणि त्या वर्षी सेडी या चलनाची किंमत झपाट्याने घसरली होती. म्हणून सगळा पगार सेडीत स्वीकारू नये.

घर कुठे घ्यावे, हेही महत्त्वाचे आहे. कँटोन्मेंट्स, ईस्ट लेगॉन हे भाग देखणे आहेत, पण कार्यालय टेमाला असेल तर रोज अक्रा-टेमा मोटरवेने जावे लागेल. हा रस्ता जेमतेम १९ किलोमीटरचा असला, तरी गर्दीच्या वेळी त्यावर इतका वेळ जातो की मूल झोपल्यावरच आई घरी पोहोचते. त्यापेक्षा स्पिंटेक्स रोड किंवा खुद्द टेमा बरे. तिकडच्या कारखान्यांमुळे भारतीय कुटुंबेही भेटतात. घर पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात: पाण्याची टाकी केवढी आहे आणि टँकर कोण मागवतो, वीज गेल्यावर जनरेटर सगळ्या घराला पुरतो की फक्त दिव्यांना, आणि डिझेलचा खर्च कोणाचा, आणि जून महिन्यात गल्लीत पाणी किती चढते. शेवटचा प्रश्न मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावा. ३ जून २०१५ च्या रात्री अक्रामध्ये पूर आला आणि क्वामे एन्क्रुमा सर्कलजवळच्या पेट्रोल पंपावर स्फोट झाला. त्या एका रात्रीत दीडशेहून अधिक माणसे गेली. नाल्याकाठचे घर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

डॉ. साने (बी-१०२): वैद्यकीय बाजू मी मांडते. पीतज्वराची लस तिघांनाही सरकारमान्य केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागेल. पिवळे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, पण ते पासपोर्टबरोबरच ठेवावे, कारण सुट्टीसाठी भारतात येतानाही ते दाखवावे लागते आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

खरी काळजी घ्यायची ती मलेरियाची. तिथे प्रामुख्याने फाल्सिपॅरम हा प्रकार आहे आणि तो लहान मुलांमध्ये एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो. म्हणून ताप आला की "उद्या बघू" म्हणू नये, त्याच दिवशी रक्त तपासावे. मच्छरदाणी औषध लावलेली असावी आणि प्रतिबंधक गोळ्यांचे प्रमाण मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवावे. भारतात आल्यानंतर काही आठवड्यांनी ताप आला, तरी डॉक्टरांना "आम्ही घानाहून आलो आहोत" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ही शिस्त पाळणार असतील, तर मुलाला नेण्यास माझी हरकत नाही.

सौ. कुलकर्णी (बी-४०२): आभारी आहे, डॉक्टर. लेकीचा निरोप असा की, घरात पूर्ण शाकाहार आहे, त्याचे काय करावे? शिवाय शाळा कशी मिळेल?

पाटील (सी-३०१): शाळेची चिंता नको. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा इंग्रजी आहे, आणि टेमाकडे भारतीय वळणाची शाळाही आहे. फक्त तिथले वर्ष साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होते, हे लक्षात घेऊन इथला दाखला काढावा.

शाकाहाराचे म्हणाल, तर बाजारात माल भरपूर आहे: चवळी, शेंगदाणे, रताळी, भेंडी, कच्ची-पिकी मोठी केळी, आणि उत्तरेकडून येणारी ज्वारी-बाजरीही. "रेड रेड" नावाचा पदार्थ म्हणजे लाल पामतेलातली चवळी आणि सोबत तळलेले पिकलेले केळे. आपल्या उसळीशी त्याचे सख्खे नाते वाटते. अळूच्याच कुळातल्या पानांची "कोंटोमिरे" ही भाजीही उत्तम असते. अडचण एवढीच की तिथे सुका किंवा धुरी दिलेला मासा हा मसाल्यासारखा घातला जातो, आणि "मांस नको" म्हटल्यावर मासा नको असेल असे कोणी धरत नाही. म्हणून मासा, सुकट आणि रस्सा यांची नावे घेऊन नकार द्यावा. डाळी-मसाले ओसूमधल्या भारतीय दुकानांत मिळतात, पण आयातीमुळे महाग पडतात.

शेजाऱ्यांविषयी एक सांगतो, कारण मला ती माणसे मनापासून आवडली. तिथे दुकानात, फाटकाशी, कचेरीत, कुठेही आधी अभिवादन करायचे आणि मग काम सांगायचे. थेट काम सांगणारा माणूस उर्मट ठरतो. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे नातवाला वेगळे शिकवावे लागणार नाही. अक्राच्या मूळ गा समाजाचा होमोवो सण येण्यापूर्वी, साधारण मे-जूनमध्ये, महिनाभर ढोल आणि मोठ्या आवाजावर बंदी असते. त्या काळात वाढदिवसाला स्पीकर लावू नयेत. गणपतीचे दिवस नंतर येतात. शहरात घानाच्याच स्वामी घनानंद सरस्वतींनी उभा केलेला हिंदू मठ आहे. तिथले स्थानिक भक्त गणेशोत्सव करतात आणि समुद्रात विसर्जन करतात. नातवाला तिथे अवश्य न्यावे. समुद्रात मात्र पोहायला उतरू देऊ नये, प्रवाह आत ओढणारा आहे.

देशमुख (ए-१०१): पाटीलसाहेब, घर आणि तापाची सोय लेखी होणार असेल, तर माझा विरोध मागे घेतो. वहिनींना नातवाशी रोज बोलता येईल का?

पाटील (सी-३०१): सहज. घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. तो दुपारी शाळेतून आला की इथे संध्याकाळचे सात-साडेसात झालेले असतील. वहिनी, कंपनीच्या कराराचा मसुदा आला की मला दाखवा, भाड्याचे आणि वैद्यकीय विम्याचे कलम आपण एकत्र वाचू.

सौ. कुलकर्णी (बी-४०२): मसुदा शुक्रवारपर्यंत येणार आहे. लसीची वेळ मी उद्याच घेते, तिघांचीही.