प्रति: कडक मॅनेजर सुधारतो का?
'माणूस बदलत नाही, त्याचं खातं बदला' असं या प्रश्नाच्या एका उत्तरात म्हटलंय, ते मला पटलं नाही. इकडे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत पाहिलंय, खातं बदललं की ओरडणं नव्या खात्यात जातं, एवढंच.

अशा साहेबाला आपण लोकांना दुखावतोय हे बहुधा दिसतच नाही. अशाच साहेबांना वागणं बदलायला मदत करणाऱ्या अमेरिकन कोच लॉरा क्रॉशॉ यांच्या मते मुळाशी आपण नालायक ठरू ही भीती असते. मग 'जरा गोड बोला' हा उपदेश वायाच. त्यापेक्षा कोचनं हाताखालच्यांशी, बरोबरीच्यांशी आधी बोलून, नावं झाकून, नेमकं वागणं समोर ठेवावं: माग बंद पडला की सगळ्यांदेखत झापता, जॉबरचं (माग दुरुस्त करणाऱ्याचं) पूर्ण ऐकत नाही. 'तापट आहात' म्हटलं की तो वाद घालणार. बरेच जण एकच सांगतायत म्हटल्यावर जरा थांबतो.

नावं झाकणं मात्र सोलापुरात अवघड. शिफ्टला माणसं मोजकी, त्यात सोयरेधायरे. मराठीतल्या तेलुगू वळणावरूनच कोण बोललं ते कळतं! म्हणून शब्द जसेच्या तसे देऊ नयेत. आणि 'उत्पादन कितीही काढा, हे चालणार नाही' असं मालकानं आधीच बजावलेलं हवं. ते तो बजावत नसेल तर कोचवर पैसे घालू नका.