अनुभव धागा: डोंगरात वाट बांधणारी टोळी

दिवाळी सरली की कोल्हापूर जिल्ह्यात टोळ्या बांधायचा हंगाम सुरू होतो. ऊसतोडीच्या टोळ्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याच दिवसांत भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा या पट्ट्यात आठ-दहा जणांच्या छोट्या टोळ्याही डोंगराला लागतात. पावसात वाहून गेलेल्या पायवाटा नीट करायच्या, ढासळलेले ताल, म्हणजे वाटेला आधार देणाऱ्या दगडी भिंती, पुन्हा रचायचे, गडाच्या चढावर पायऱ्या बसवायच्या, कारवी-करवंदीत बुजलेली वाट मोकळी करायची. कुणी वनखात्याच्या रोजंदारीवर, कुणी ग्रामपंचायतीच्या कामावर, कुणी गडसंवर्धनाच्या संस्थेकडून, कुणी निव्वळ हौसेनं.

अशी टोळी ज्यांनी चालवली आहे त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. माणसं कशी जमवली, काम कुठनं धरलं, कशावरनं वाजलं, काय टिकलं आणि काय पहिल्याच पावसात गेलं, ते लिहा. ‘निसर्गाच्या कुशीत श्रमदान’ छापाचं नको, ते पेपरात येतंच. सुरुवात मी करतो.

माझी टोळी गगनबावड्याच्या बाजूला असते. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. एवढ्या पाण्यापुढं वाट रुंद की अरुंद, देखणी की ओबडधोबड, याला काही किंमत नाही. वाटेवर आलेलं पाणी किती लवकर वाटेवरनं उतरतं, तेवढंच बघायचं. म्हणून कामाची पाहणी मी जुलैत करतो, भर पावसात. कुठं पाणी वाटेला लागतं, कुठनं ते वाट सोडतं, तिथं झाडाला खूण बांधून ठेवायची. नोव्हेंबरात कोरड्या वाटेवर उभं राहून यातलं काहीच कळत नाही.

नवा मुकादम हमखास सरळ वर जाणारी वाट धरतो, कारण ती जवळची. पण उताराच्या रेषेत गेलेल्या वाटेवरचं पाणी बाहेर काढायला जागाच उरत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या वाटेची नाळ, म्हणजे खोल घळ होते. आमचा ठोकताळा असा: डोंगराचा जेवढा चढ, त्याच्या निम्म्याहून कमी वाटेचा चढ. आणि वाटेचा तळ दरीच्या बाजूला किंचित कलता, मीटरभर रुंदीला चार-पाच सेंटिमीटर. डोळ्याला जाणवतसुद्धा नाही, पाण्याला बरोबर जाणवतं.

जिथं चढ कमी करताच येत नाही तिथं वाटेत दगडांची ओळ पुरतो. ती काटकोनात पुरली तर मागं गाळ बसतो आणि पाणी वरनं उडी मारतं. तिरकी पुरायची, खालचं टोक दरीकडं, आणि त्या टोकाच्या पुढं चांगली लांब चारी काढून द्यायची. मेअखेरीला ही चारी पुन्हा साफ करावीच लागते, कारण वळवाच्या दोन पावसांत ती पाचोळ्यानं तुंबते. या कामाला कुणी हौसेनं येत नाही. त्याचा फोटो चांगला निघत नाही ना.

दाजीपूरच्या बाजूचा वनमजूर

आमचं काम जाळरेषेपासनं सुरू होतं. थंडीत गवत वाळलं की ठरलेल्या रुंदीचा पट्टा कापायचा आणि वारा पडलेला बघून तो जाळून घ्यायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तर तिथं थांबतो. ते उरकलं की पायवाटा.

दाजीपूरचं जंगल १९५८ सालापासनं गव्यांसाठी राखलेलं. राधानगरी अभयारण्य २०१२ ला जागतिक वारशात गेलं आणि फिरायला येणारी माणसं वाढली. नवीन वाट काढायचा प्रश्नच नाही, आहे तीच नीट ठेवायची. वाटेवर पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा मनानं घरी न्यायचं नाही. बाजूला सरकवायचं, बस्स.

टोळीवर नवीन पोरगा आला की त्याला मी पहिल्यांदा गव्याची वाट दाखवतो. गवा कधी छातीवर येणारा चढ चढत नाही, वळसा घेत, दम राखत जातो. आपली वाट कुठं वळवायची हे कळत नसलं तर त्याच्या खुरांच्या मागं जावं. बाकी नियम दोन. सकाळी कामाच्या जागेवर जाताना बोलत जायचं, गुपचूप नाही. जनावराला आपली चाहूल लागली की ते स्वतःहून बाजूला होतं. आणि कळपापेक्षा एकट्या नराला जास्त भ्यायचं. तो रस्त्यात उभा असला तर त्या दिवशी काम दुसऱ्या टोकाकडनं धरायचं. साहेब विचारतात, अर्धा दिवस कुठं गेला? मी सांगतो, गव्यानं घेतला.

जळवांचं विचारू नका. तंबाखू आणि मीठ, दुसरं औषध नाही. पण दसऱ्यानंतर त्या जातात.

दगडवाला (पोराकडनं लिहून घेतोय)

लोकांस्नी वाटतं दगड उचलून ठेवला की ताल झाला. ताल पडतो तो पायातनं. आधी पाया खणायचा, घट्ट मुरूम लागंस्तवर. सगळ्यात थोरला दगड खाली. लोक उलटं करत्यात, थोरला वर बसवत्यात, कारण तो दिसतो. दगड आत डोंगराकडं कलता बसला पायजे. सांध्यावर सांधा आला की तो थर गेलाच म्हणा. आणि दर दोन-तीन थराला एक लांबोडा दगड आत शिरंल असा घालायचा, त्यो सगळ्या तालाला धरून ठेवतो. मागं मोकळी जागा राहिली तर माती भरायची न्हाई, कपच्या भरायच्या. माती पावसात फुगती आणि तालाला बाहेर ढकलती. कपच्यातनं पाणी निघून जातं.

सिमेंटचं नाव काढू नका. सिमेंटनं पाणी मागं अडतं आणि एक दिवस सगळा ताल पोटातनं फुटून खाली येतो. वर गडावर ते चालतबी न्हाई. पन्हाळ्यासारख्या केंद्राच्या ताब्यातल्या जागंला शंभर मीटरच्या आत बांधकामच बंद, आणि त्याच्या पुढच्या दोनशे मीटरात परवानगी लागती. दगडावर दगड ठिवायचा म्हटलं तरी आधी इचारायचं.

आता पायऱ्या. जांभा असंल तर काम हलकं. खाणीतनं काढलेला ओला चिरा कुऱ्हाडीनंबी तासतो, वारं लागलं की टणक होतो, आणि पावसात पाय धरून ठेवतो. काळा दगड टिकतो जास्त, पण शेवाळ धरलं की माणूस आडवा. म्हणून काळ्या दगडाच्या पायरीला वरनं टाकी लावायची, जात्याला लावत्यात तशी. छन्नी तिरकी धरून बारीक बारीक टाचे. पायरी लई उंच ठेवू नका. पंधरा-अठरा सेंटिमीटर बास, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा हिसाबात धरा. आणि पायरीच्या कडंला मोकळी जागा ठिवू नका, न्हाईतर सगळे कडंकडंनं चालत्यात. दोन्ही अंगाला मोठं धोंडं आडवं टाकलं म्हंजे माणूस आपोआप पायरीवरच येतो.

टोळीत एक जण फकस्त दगड फिरवून बघायला ठेवा. माझ्याकडं त्यो मीच. दगडाला एक बसायची बाजू असती. ती गावंपर्यंत घण लावायचा न्हाई.

भुदरगडची मुकादमीण

आमच्या बचत गटाकडं रांगणा गडाच्या वाटेचं सफाईचं काम आलं तेव्हा मुकादम पुरुष होता. तो ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन गेला आणि वही माझ्याकडं आली. माझी पहिली भांडणं मजुरीवरनं झाली. खोरं मारणाऱ्या गड्याला जास्त, पाटी उचलणाऱ्या बाईला कमी, ही रीत. अहो, चढावर मुरमाची पाटी डोक्यावर घेऊन दिवसभर खेपा मारणं म्हणजे काय हलकं काम आहे का? मी जोड्या लावल्या. दुपारपर्यंत एक खोरं मारेल, दुसरा पाटी उचलेल, जेवणानंतर अदलाबदल, आणि हजेरी दोघांना सारखी. एक मामा म्हणाले, “मी पाटी उचलायची व्हय?” म्हटलं, मामा, उचलून तर बघा. उचलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पाटीत मुरूम अर्धाच भरायला सुरुवात केली, सगळ्यांच्याच.

मुक्काम करायचा तर रांगणाईच्या देवळाच्या आसपास. पाणी आणि जळण दोन्हींचा हिशोब आधी करायला लागतो. जेवण साधं: भाकरी, खर्डा, आमटी, रात्री भात. सकाळी निघताना चहाबरोबर गूळ सगळ्यांना द्यायचाच, उपाशी पोटी कोयता चालवला की तो घसरतो.

पाटगाव आता मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिकडची माणसं टोळीत असली की एक फायदा होतो, आग्या मोहोळ त्यांना आधी दिसतं. कड्याखाली काम असेल तर वर बघून मगच चूल मांडायची जागा ठरवायची. धूर वर चढला की संपलं. अत्तर, वासाचं तेल, काही लावून यायचं नाही. एका बहाद्दराला मी अंघोळीला परत पाठवलं होतं.

पोरींनो, साडी खोचून काम करता येतं, पण बूट घाला. फुरसं, हा विषारी साप, दगडाखाली असतं आणि दगड उलटणं हेच आपलं काम. दगड आपल्याकडं ओढून उचलायचा, म्हणजे आडोसा मधे राहतो. आधी पहारीनं हलवायचा, मग हात.

कॉलेजवाले सर

राष्ट्रीय सेवा योजनेची आमची शिबिरं सात दिवसांची. पोरं तयार असतात, पण पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंत तळहाताला फोड. त्यामुळं पहार-टिकाव सगळ्यांच्या हातात देत नाही. चौघं खणणार, बाकीचे दगड वेचणार, चारीतला पाचोळा काढणार, कारवी छाटणार. दोघांच्यात टिकावाच्या दोन दांड्यांएवढं अंतर. वरच्या टप्प्यावर काम सुरू असताना खालच्या टप्प्यावर कुणी नको, आणि दगड निसटला की ज्याच्या हातनं निसटला त्यानंच ओरडायचं, “दगड!” लाज वाटून गप्प बसतात, म्हणून पहिल्या दिवशी खोटं खोटं ओरडायची तालीम घेतो. पोरं हसतात. हसू देत.

सगळ्यात मोठा त्रास उद्घाटनाचा. समारोपाला पाहुणे येणार, म्हणून दाखवण्यासारखं काहीतरी हवं, म्हणून जिथं गरज नाही तिथं पायऱ्या. पाहुणे खालच्याच पायऱ्यांवर नारळ फोडतात आणि निघतात. वरच्या वळणावर मुलांनी चार दिवस राबून पाणी वळवलेलं असतं, तिथवर कुणी येत नाही. आता मी समारोपच वरच्या वळणावर ठेवतो. पाहुणे कमी झाले.

पन्हाळ्याच्या पायथ्याचा

पावनखिंडीच्या वाटेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दीच्या वेढ्यातनं निसटून विशाळगडाकडं गेले, म्हणून लोक जुलैतच चालतात. ते बरोबरच आहे. पण जुलैत म्हसाई पठार भिजून फुगलेलं असतं. प्रत्येक जण चिखल चुकवायला दोन पावलं बाजूनं जातो आणि एका वाटेच्या आठ होतात. पठारावर मातीचा थर इंचा-दोन इंचांचा, तो गेला की खाली नुसता कातळ.

तिथं बाजूनं कोरडी वाट काढून देऊ नका. चिखलाच्या मधोमध, एका ढांगेच्या अंतरावर चपटे दगड पुरून ठेवा. लोक दगडावरनंच जातात, सांगावं लागत नाही. हे काम मेमध्ये करायचं.

पुढं वाड्यांमधनं वाट भातखाचरांच्या बांधावरनं जाते. नेमकी रोपलावणीची वेळ. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि शेतकऱ्याची शिवी खायला आपण नसतो, दुसऱ्या दिवशी येणारा असतो. आम्ही मे महिन्यात घरोघरी जाऊन विचारतो, कुठला बांध द्यायचा. त्याच बांधाला दोन्ही बाजूंनी दगड लावून देतो, दुसऱ्या बांधांवर काटेरी झाप. सुकाम्याच्या धनगरवाड्यापासनं पांढरेपाण्यापर्यंतची वाट त्यांच्या म्हशी वर्षभर वापरतात, त्यामुळं तिथं काय करायचं हे त्यांनाच विचारावं. आम्ही बाणांचा पांढरा रंग घेऊन गेलो होतो. एका आजीनं विचारलं, “आमच्या म्हशीस्नी वाचता येतंय व्हय?”

पुन्हा मी

तिघाचौघांनी मजुरीचं विचारलंय. ऊसतोडीची उचल आधी हातात पडते, आपल्याकडं काम झाल्यावर. म्हणून डिसेंबरात माणूस टिकत नाही. यावर मला सापडलेला उपाय एवढाच: पैसे महिन्यानं नाही, आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, हजेरी सगळ्यांसमोर वाचून. आणि दगडाचं जड काम फेब्रुवारीनंतर काढायचं, साखर कारखान्यांचे पट्टे पडायला, म्हणजे गाळप बंद व्हायला लागलं की चांगले गडी परत येतात. तोपर्यंत जी घरची माणसं आहेत, म्हातारे आणि बायका, त्यांच्यावर छाटणी आणि चाऱ्या.

हत्यारांचंही विचारलंय. दुकानातली पहार कातळावर आठ दिवसांत बोथट होते. लोहाराकडनं टोक भट्टीत घालून पाणी देऊन घ्या, हंगामात दोनदा तरी. आमच्याकडच्या जास्तीच्या पहारी आणि टिकाव मार्चनंतर मोकळे असतात, गगनबावड्याच्या बाजूला काम असेल तर न्या. दांडे मात्र तुमचे तुम्ही आणा, गेल्या खेपेला नेलेले परत आले ते चुलीत घालायच्या लायकीचे होऊन.