लंडन–न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाण्यायेण्याच्या वेळा वेगळ्या का?

प्रश्न
लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा केनेडी या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर हिशेबाने सव्वासहा तासही लागू नयेत. वेळापत्रकात मात्र लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यास जवळपास आठ तास आणि परतण्यास सुमारे सात तास दिलेले असतात. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, याच्याशी या फरकाचा संबंध आहे का? शिवाय नकाशावर मार्ग उत्तरेकडे वाकलेला दिसतो, तो सरळ का नसतो?

उत्तर १
संबंध आहे, पण आपण समजता तसा थेट नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असल्यामुळे विमानाखालून जमीन सरकून जाते, ही कल्पना चुकीची आहे. मात्र विषुववृत्ताकडील उष्ण हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानातील फरकामुळे वाहू लागणारे वारे पृथ्वीच्या परिवलनामुळे वळतात आणि साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह तयार होतो. प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवर उडतात. ताशी ९०० किलोमीटर हा वेग हवेच्या सापेक्ष आहे. जमिनीच्या सापेक्ष वेग काढताना त्यात वारा मिळवावा किंवा वजा करावा लागतो. हिवाळ्यात हा प्रवाह विशेष जोरदार असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ याच वाऱ्याच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते.

उत्तर २
वाकडा दिसणारा मार्गच जवळचा असतो. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत लहान अंतर बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून, मोजतात आणि गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवली की ते वृत्त वाकलेले दिसते. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिल्यास तो आपोआप कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून जाईल. प्रत्यक्षात विमाने याही रेषेला चिकटून राहत नाहीत. पूर्वेकडे जाताना जेट प्रवाह गाठण्यासाठी आणि पश्चिमेकडे जाताना तो चुकवण्यासाठी थोडा वळसा घेतला, तरी एकूण वेळ वाचतो.

उत्तर ३
वेळापत्रकातील कालावधी हा केवळ उड्डाणाचा नसतो. विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाच्या थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ, म्हणजे धावपट्टीपर्यंतची वाटचाल, रांगेतली प्रतीक्षा आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्या, हे सारे त्यात धरलेले असते. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हेही ध्यानात ठेवावे: न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला निघून लंडनला सकाळी सातला पोहोचणारे विमान बारा नव्हे, तर सातच तास प्रवास करते, कारण दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळांत बहुतेक वर्षभर पाच तासांचा फरक असतो.

मूळ प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. मग जाताना गमावलेला वेळ परतताना भरून निघतो, असे समजावे का?

उत्तर १
पूर्णपणे नाही. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. अनुकूल दिशेने १,००० च्या वेगाने ५ तास ३२ मिनिटे, तर प्रतिकूल दिशेने ८०० च्या वेगाने ६ तास ५५ मिनिटे लागतील. वारा नसता, तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास १९ मिनिटांत झाल्या असत्या. वाऱ्यामुळे त्यांना १२ तास २७ मिनिटे लागतात, कारण विमान विरोधी वाऱ्यात अधिक काळ अडकून राहते.