विटेचा दर की भिंतीचा?
मोठ्या गृहप्रकल्पात नगाला सर्वांत स्वस्त पडणारी वीट घ्यावी, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा मला अर्धाच पटतो, कारण तुलना व्हायला हवी ती प्लास्टरसह उभ्या राहिलेल्या भिंतीच्या खर्चाची. नाशिकला एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राची राख जवळच मिळत असल्याने राखेच्या विटांचा विचार जरूर करावा. मात्र या विटा भट्टीत भाजलेल्या नसतात, त्यांना सिमेंट किंवा चुन्यामुळे हळूहळू बळ येते आणि त्यासाठी दोन-तीन आठवडे पाणी मारावे लागते. सिडकोतील एका कामावर आम्ही घाईघाईत जेमतेम आठवडाभराच्या विटा लावल्या, पुढे प्लास्टरला तडे गेले आणि दुरुस्तीतच सगळी बचत (तीही फार नव्हती) संपली. आता मी दराआधी विटा पाडल्याची तारीख विचारतो.